पस्तीस फरश्या आणि मी

माझ्या अंगावर एकही आकडा नाही, तरी जन्मभर मी मोजमापच केले. मित्रांनो, मी एका फरशी मिस्त्रीची जुनी सुती दोरी आहे. सध्या माझा मुक्काम खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात असतो. शेजारी भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा एक ओळंबा राहतो. तो वजनदार आहे, पण बोलायच्या नावाने शून्य. त्यामुळे कुणी ऐकायला आले की मी जरा लांबण लावते. तेवढे सांभाळून घ्या.

एका लांबलचक अरुंद गल्लीत माझा जन्म झाला. दोर वळणारा म्हातारा पाठीमागे चालत जायचा आणि त्याची बायको दुसऱ्या टोकाला बसून चाक फिरवायची. सुताचे पदर एकमेकांवर चढत गेले, मग मला मेण चोळले आणि खिळ्याला टांगले. तिथे एक दिवस तरुण मिस्त्री आला. त्याने मला दोन्ही हातांनी करकचून ताणले.

"वाढत नाही ना ही?" त्याने विचारले.

"वाढली तर परत आणून द्या," म्हातारा म्हणाला.

मी वाढले नाही. या एकाच गुणावर मी पुढची पस्तीस-चाळीस वर्षे काढली.

मिस्त्री शाळेत फार गेला नव्हता. आकडे वाचता यायचे, पण त्याचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. खोलीत किती मोठी चौकोनी फरशी न कापता बसेल, हे तो माझ्याकडूनच काढायचा. लांब भिंतीला मला लावायचा आणि तेवढी लांबी बोटात पकडायचा. मग त्यातून आखूड भिंत वजा करायचा, म्हणजे माझी तेवढी घडी घालायचा. जे उरेल, त्याने आखूड भिंत मोजायची. तिथेही काही उरले, तर त्या नव्या उरलेल्याने आधीचे उरलेले मोजायचे. असे करता करता एक वेळ अशी येते की काहीच उरत नाही. ज्या मापाने शेवटी सगळे बरोबर मोजले गेले, तीच सगळ्यात मोठी फरशी. तुमच्या वहीत याला मसावि म्हणतात. आमच्याकडे याला घडी घालणे म्हणत.

आता माझी एक अडचण सांगते. मला दोन टोके आहेत, त्यामुळे मला दोन माणसे लागतात. एक टोक मिस्त्रीच्या हातात असायचे आणि दुसरे त्याच्या बायकोच्या. ती सिमेंट-वाळूचा मसाला कालवायची, फरश्या पुसून द्यायची आणि माप घ्यायची वेळ आली की पदराला हात कोरडे करून माझे टोक भिंतीला दाबून धरायची. "धरलंय," एवढेच म्हणायची. त्या एका शब्दावर मिस्त्री निर्धास्त ताण द्यायचा. रिकाम्या, घुमणाऱ्या खोल्यांत त्या दोघांच्या मध्ये मी सरळ ताणलेली असायचे. तेव्हा मला वाटायचे की माझ्याइतके सुखी कुणी नाही.

त्यांना एक मुलगी होती. चार वर्षांची असल्यापासून ती कामावर यायची आणि विटेवर बसून आईवडिलांना हुकूम सोडायची. म्हणून मिस्त्री तिला मुकादम म्हणायचा. शाळेत जायला लागली तरी घरात तेच नाव चालू राहिले.

एकदा मुकादम गणिताची वही घेऊन रडकुंडीला आली. लाल फुलांची अठ्ठेचाळीस रोपे आणि पिवळ्या फुलांची छत्तीस. एका ओळीत एकाच रंगाची रोपे हवीत आणि प्रत्येक ओळीत रोपांची संख्या सारखी हवी. तर एका ओळीत जास्तीत जास्त किती रोपे लावता येतील?

मिस्त्रीने तिला समोर बसवले. माझ्यावर अठ्ठेचाळीस बोटे मोजली आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मग छत्तीस बोटांची घडी घातली. बारा उरली. त्या बारांनी छत्तीस मोजले, तर तीनदा मोजून काही उरले नाही.

"बारा," मिस्त्री म्हणाला. "लालच्या चार ओळी, पिवळ्याच्या तीन. आता रडणं बंद."

दुसऱ्या दिवशी वही परत आली. त्यात लाल शाईने लिहिले होते, 'उत्तर बरोबर, रीत कुठे आहे?' आणि अर्धेच मार्क दिले होते. मुकादमचे डोळे पुन्हा भरले. मिस्त्री मात्र खो खो हसला.

"अगं, दोरीला अर्धे मार्क! आमच्या खानदानात एवढे कुणालाच मिळाले नव्हते."

पुढच्याच आठवड्यात फळ्यावर भागाकाराची रीत आली. मोठ्याला लहानाने भागा, बाकीने लहानाला भागा, बाकी शून्य येईपर्यंत भागत राहा. मुकादम घरी धावत आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमचीच घडी आहे हो ही!" त्या रात्री तिने मला स्वतःच्या हाताने मेण चोळले. इतक्या मायेने मला पुन्हा कुणी मेण लावले नाही.

मग मुकादमची आई आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. त्यानंतरच्या पहिल्या कामावर मिस्त्रीने सवयीने माझे टोक मागे सरकवले. ते कुणीच धरले नाही. मी जमिनीवर पडून राहिले आणि तोही बराच वेळ तसाच पाठमोरा उभा राहिला. तेव्हा सोळा वर्षांची मुकादम पुढे आली. तिने टोक उचलले आणि भिंतीला दाबले. "धरलंय" म्हणायला तिला जमले नाही. तिने नुसती मान हलवली.

अशी आणखी बारा-तेरा वर्षे गेली. मुकादम कामात तरबेज झाली. तिची थापी वडिलांपेक्षा हलकी चालायची, हे मिस्त्रीच चारचौघांत सांगायचा. पण त्याचे गुडघे संपत आले होते. फरशीचे काम म्हणजे सगळे आयुष्य गुडघ्यांवर. एक दिवस तो बसला तो उठेचना. मुकादमने त्याला खांद्याला धरून घरी आणले आणि तेव्हापासून तो खाटेवर आहे.

मुकादमने मग एक यंत्र घेतले. मुठीत मावेल एवढे ते यंत्र भिंतीला टेकवून बटण दाबले की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा उमटतो. दोन्ही आकडे फोनमध्ये घातले की मसावि हजर. दुसरे टोक नाही, दुसरे माणूस नाही. मला डब्यात ठेवताना ती म्हणाली, "आता आराम कर बाई." ती प्रेमाने म्हणाली, हे मला कळत होते. पण आराम कुणी मागितला होता?

त्या डब्यात मी दोन वर्षे काढली. मिस्त्रीचीही तीच गत होती, फक्त त्याच्या डब्याला खिडकी होती. मुकादम सकाळी आठला जायची आणि दिवे लागल्यावर यायची. ती आली की तो विचारायचा, "आज कुठली खोली?" ती थकलेली असायची. "सांगते नंतर," म्हणायची. ते नंतर काही यायचे नाही. तिचेही चुकत नव्हते. ज्याला कामावर यायचेच नाही, त्याला खोलीची लांबीरुंदी कशाला सांगायची, असे तिला वाटत असेल.

दुपारी घर एकदम गप्प व्हायचे. मग कधीकधी मिस्त्री डबा ओढून मला बाहेर काढायचा. माझे एक टोक खाटेच्या पायाला बांधायचा, दुसरे हातात धरून सरपटत भिंतीपर्यंत जायचा आणि राहती खोलीच मोजायचा. तिचे उत्तर त्याला पाठ होते. तरी तो प्रत्येक घडी काळजीपूर्वक घालायचा. काम झाले की मला गुंडाळून छातीवर ठेवायचा आणि छताकडे बघत राहायचा. खाटेचा पाय टोक घट्ट धरायचा, पण तो "धरलंय" म्हणत नाही. मित्रांनो, त्या दुपारी फार लांब असायच्या.

आता त्या पस्तीस फरश्यांकडे येते.

त्यांच्या गावात एक शिंपीण होती. सगळे तिला काकू म्हणायचे. वीस वर्षे जिन्याखालच्या कोनाड्यात, मान वाकडी करून तिने कपडे शिवले होते. आता तिने स्वतःची एक खोली घेतली होती आणि तिच्या फरशीचे काम मुकादमला दिले होते. दोन वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर, वडिलांशिवाय, स्वतःच्या नावावर मिळालेले मुकादमचे ते पहिले काम. गल्लीतले लोक आधीच म्हणू लागले होते की बापाची कला बापाबरोबर खाटेवर गेली. हे काम बिघडले असते तर दुसरे कुणी दिले नसते, हे तिला चांगले ठाऊक होते.

मुकादम यंत्र घेऊन खोली मोजायला गेली. आकडे आले चारशे वीस आणि तीनशे सेंटिमीटर. मसावि साठ. साठची फरशी लांबीत सात, रुंदीत पाच, म्हणजे पस्तीस. काकूला एकच फरशी आवडली होती, निळसर राखाडी. तो कारखाना बंद पडला होता आणि दुकानदाराकडे शेवटचा गठ्ठा उरला होता. मोजला तर बरोबर पस्तीस. एरवी मुकादम चार फरश्या जास्तीच्या घेतल्याशिवाय हलत नाही. पण आकडा असा जुळून आला की ती हुरळली.

शुक्रवारी दुकान उघडायचे होते. बुधवारी मुकादमने फरश्या कोरड्याच मांडून बघितल्या. सात रांगा झाल्या आणि तरी पलीकडच्या भिंतीपाशी जमीन उघडी राहिली. अर्ध्या फरशीएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

झाले होते असे. ती मोजायला गेली तेव्हा काकूने कापडाचे गठ्ठे आणून पलीकडच्या भिंतीला लावून ठेवले होते, छातीइतके उंच. धूळ बसू नये म्हणून त्यावर पांढरी चादर घट्ट ओढली होती. लाल ठिपका पडला तो त्या चादरीवर. मुकादमला वाटले, चुन्याची भिंत आहे. गठ्ठे होते तीस सेंटिमीटर जाड. बुधवारी गठ्ठे हलवल्यावर कळले, खोली खरी साडेचार मीटर होती.

दुपारी बारा वाजता मुकादम घरी आली. ती त्या वेळी कधीच घरी येत नाही. खाटेच्या कडेला बसली आणि हाताची सालपटे सोलू लागली.

"कुठली खोली?" मिस्त्रीने विचारले.

आणि मित्रांनो, दोन वर्षांत पहिल्यांदा तिने सांगितले. सगळे सांगितले. गठ्ठे, चादर, ठिपका, बंद कारखाना, शुक्रवार.

खोटे कशाला बोलू, डब्यात मला आनंद झाला. माझे टोक धरायला कुणी भिंतीपर्यंत चालत गेले असते, तर ते चादरीला दाबताच हात आत गेला असता. त्या ठिपक्याला काय कळणार मऊ आणि टणक! पण मग मुकादमला रडू फुटले. "बाबा, माझं नाव जाईल हो," ती म्हणाली, आणि मला माझीच लाज वाटली.

मिस्त्रीने तिला एका शब्दाने बोल लावला नाही.

"डबा काढ," तो म्हणाला. "आणि मला तिथे न्यायची काहीतरी सोय कर."

गठ्ठे ज्या टेम्पोतून आले होते, त्याच टेम्पोत पुढे बसवून त्याला नेले. खोलीत बादली पालथी घालून त्यावर बसवले. काकू दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण जीभ शाबूत होती.

"मिस्त्री, कापड कमी पडलं तर मी बाही आखूड करते. फरशीचं काय करणार?"

"बघू," मिस्त्री म्हणाला. "मुकादम, धर."

मुकादमने माझे टोक उचलले आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. मी ताणली गेले. दोन वर्षांनी दोन माणसांच्या मध्ये अंगातला एकेक पदर जागेवर आला. मिस्त्रीने लांबीतून रुंदी काढली. उरले ते रुंदीत बरोबर दोनदा बसले.

"खोली गुणाची आहे. मापं एकमेकांत बसतात," तो म्हणाला.

मग त्याने फरशीची कड माझ्यावर पकडली. लांबीत सातदा बसली आणि अर्धी उरली. ते अर्धे माप फरशीत दोनदा बसले.

"तीसची फरशी असती तर आख्खी बसली असती," मुकादम म्हणाली. "साडेचारशे आणि साठचा मसावि तीस येतो. पण बाबा, या कापून तीसच्या केल्या तरी त्या वाढणार थोड्याच आहेत? जागा उघडी ती उघडीच."

"वाढणार नाहीत. म्हणून एकही कापायची नाही." मिस्त्रीने त्या उरलेल्या मापाची पुन्हा घडी घातली. "हे उरलेलं आपण भिंतीपाशी लपवतोय म्हणून ते वाईट दिसतंय. त्याचे दोन भाग कर आणि आत घे. दोन रांगा, मग हा बारका पट्टा. तीन रांगा, पुन्हा बारका पट्टा. मग दोन रांगा. मोज."

मुकादमने मनात मोजले. एकशे वीस, पंधरा, एकशे ऐंशी, पंधरा, एकशे वीस. साडेचारशे. तिने दोनदा मोजले.

काकू दारातून आत आली. "म्हणजे साडीला काठ असतो तसं?"

"तसंच. काठाचं कापड वेगळं असलं तरी चालतं ना?"

"वेगळंच असावं लागतं," काकू म्हणाली.

प्रश्न एवढाच होता की पट्ट्यांसाठी दगड कुठून आणायचा. पट्टा पंधरा रुंद आणि तीनशे लांब. दोन्हींत बसणारा सगळ्यात मोठा चौकोन पंधराचाच, म्हणजे एका पट्ट्यात वीस तुकडे आणि दोन्हींत चाळीस. मिस्त्री म्हणाला, "घरामागचा ढीग बघ."

चाळीस वर्षांत त्याने जिथे जिथे काम केले, तिथले उरलेले तुकडे त्याने घरामागे पत्र्याखाली रचून ठेवले होते. काळे, तांबूस, पिवळट, हिरवे. स्कूटर लावायला जागा हवी म्हणून मुकादम गेले वर्षभर तो ढीग काढायला बघत होती आणि तो "पुढच्या महिन्यात" म्हणत होता. संध्याकाळपर्यंत तिने त्यातून पंधरात बसणारे चव्वेचाळीस तुकडे वेचले. कापताना तीन तडकले. एकेचाळीस उरले.

गुरुवारी दिवसभर काम चालले. मिस्त्री बादलीवर बसून एकेक तुकडा हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि तिच्याकडे द्यायचा. "हा डॉक्टरांच्या ओसरीचा. हा त्या जुळ्या बहिणींच्या स्वयंपाकघरातला." एक हिरवा तुकडा त्याने जरा जास्त वेळ धरला. "हा कुठला?" मुकादमने विचारले. "तुझ्या आईने निवडला होता," तो म्हणाला. तिने तो पुसून जागेवर बसवला. तुकड्यांची जाडी कमीजास्त होती, म्हणून खाली मसाला कमीजास्त घालावा लागत होता. तिथे मी उपयोगी पडले. मुकादम एका टोकाला आणि काकू दुसऱ्या टोकाला मला ताणून धरायच्या, आणि तुकडा मला जेमतेम टेकला की मिस्त्री मान डोलवायचा.

शुक्रवारी काकूची शिवणयंत्रे आली आणि दुकान उघडले. लोक आत येताना खाली बघत होते. एक जण म्हणाला, "ही नक्षी कुणाच्या डोक्यातली?" मुकादम म्हणाली, "माझ्या चुकीतली आणि बाबांच्या डोक्यातली." त्याच आठवड्यात तिला दोन कामे मिळाली. दोन्ही घरच्यांना तसेच काठ हवे होते.

तुम्हाला वाटेल, आता सगळे गोड झाले. तसे झाले नाही. मिस्त्रीचे गुडघे काही परत आले नाहीत. टेम्पोच्या त्या दोन दिवसांनी तो आठवडाभर कण्हत होता आणि त्यानंतर कुठल्याच कामावर गेला नाही. मुकादमही यंत्रच वापरते, फक्त आधी भिंतीला हात लावून बघते. मी डब्यातच असते. दुपारी घर अजूनही गप्प असते.

पण रोज दिवे लागल्यावर मुकादम चपला काढते आणि दारातूनच सांगते, "बाबा, आज तीनशे साठ बाय दोनशे सत्तर." मिस्त्री डबा ओढतो. मला मांडीवर घेतो, बोटांनी मोजतो, एकेक घडी घालतो. वेळ लागतो. आता त्याची बोटे थरथरतात, कधी घडी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. मुकादम शेजारी बसून राहते.

"नव्वद," तो शेवटी म्हणतो.

"नव्वद का? बरं झालं सांगितलंत," ती म्हणते, आणि फोन उघडून लिहून घेतल्यासारखे करते.

मी मांडीवर असते, म्हणून मला फोन दिसतो. त्यात नव्वद सकाळपासूनच लिहिलेले असते. मिस्त्रीलाही ते माहीत आहे, कारण दिवसाउजेडी फरशी टाकून आलेली मुलगी रात्री तिचे माप विचारत नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आधीच मला डब्यातून काढून ठेवतो.

मित्रांनो, जुन्या दोरीला मेण लावा असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात कुणी दिवसभर एकटे बसलेले असेल, तर संध्याकाळी त्याला एक गणित विचारा. उत्तर तुम्हाला येत असले तरी विचारा.